विश्लेषण : सहा दिवस युनिफॉर्म, ११ महिन्यांचे घर... मग स्वतःची स्टाईल सापडते कुठे?

गुरुवार उजाडला की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक चाळी-इमारतींच्या गॅलऱ्यांत एकाच रंगाचे शर्ट ओळीने वाळताना दिसतात. इथल्या बहुतेक कारखान्यांची ही साप्ताहिक सुट्टी. सकाळी आठवड्याचे धुणे, दुपारी झोप आणि संध्याकाळी बाजार. मधल्या वेळात मोबाइलवर 'सेव्ह' केलेले फोटो पुन्हा उघडले जातात. कुणाला तसा शर्ट हवा असतो, कुणाला तशी पिवळसर उजेडातली खोली.

फोटो वाढत जातात, पण कपाट उघडल्यावर 'घालायला काही नाही' आणि खोलीत पाऊल टाकल्यावर 'हे आपले घर वाटत नाही' ही तक्रार तशीच राहते. पगारातून भाडे, मेस आणि गावाकडचे पैसे वजा जाता हातात थोडेच उरते, तिथे ही नुसती हौसेची गोष्ट नाही. चुकलेली खरेदी पुढे कित्येक महिने हप्त्यांतून फेडावी लागते. स्वतःची आवड ओळखायची कशी आणि ती परवडेल अशी उभी करायची कशी, याचा हा आढावा.

या पट्ट्यात हा प्रश्न वेगळा का?

पुणे-मुंबई रस्त्यालगतची ही गावे कारखान्यांमुळे शहर झाली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये एमआयडीसी अस्तित्वात आली आणि त्या दशकात टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज ऑटो यांच्यासारखे मोठे उद्योग इथे स्थिरावले. कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, तर १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढे पुणे-नाशिक महामार्गावरच्या चाकण परिसरात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प उभे राहिले. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांवर गेली.

याचा अर्थ इतकाच की इथली बहुसंख्य घरे बाहेरून आलेल्यांची आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर भारतातूनही माणसे आली. त्यांच्याही आधी, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यांच्या छावणीभोवती जो बाजार वाढला, तोच आजचा पिंपरी कॅम्प. गावाकडच्या घरात देवळी कुठे, फडताळ कुठे, उंबऱ्यावर काय काढायचे, हे आधीच ठरलेले असते. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे किंवा भोसरीतल्या भाड्याच्या खोलीत मात्र चार पांढऱ्या भिंती आणि एक ट्यूबलाइट मिळते. ठरवायचे सगळे स्वतःलाच असते, आणि ठरवताना समोर असतो तो मोबाइल.

युनिफॉर्ममुळे आवड मारली जाते का?

कारखान्यातल्या युनिफॉर्मचे पहिले कारण सुरक्षितता. लोंबणारी बाही, ओढणी, अंगठी, कडे फिरत्या यंत्रात अडकू शकते. फिरत्या यंत्राजवळ तपासणी किंवा तेल-वंगणाचे काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. टाटा मोटर्सच्या पुणे प्रकल्पात हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जुळणीची एक लाईन महिला चालवतात. अशा कामात केस टोपीत, बांगड्या लॉकरमध्ये आणि पायात सेफ्टी शूज हे ओघाने येते. गावात कधी पँट-शर्ट न घातलेल्या अनेक मुलींच्या अंगावर तो पहिल्यांदा कंपनीच्या गेटमध्ये चढतो. काहींना नंतर तोच सोयीचा वाटू लागतो.

कामाच्या कपड्यांनी जगाची फॅशन अनेकदा घडवली आहे. अमेरिकेत शिंपी जेकब डेव्हिस आणि कापड व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले, ते पँटच्या खिशांना तांब्याच्या रिव्हेट ठोकण्याच्या युक्तीसाठी. खाणीत, शेतात राबणाऱ्यांचे खिसे फाटू नयेत, एवढाच तिचा हेतू होता. आजची जीन्स तिथून आली. न्यूयॉर्क टाइम्ससाठी रस्त्यावरच्या फॅशनचे फोटो काढणारे बिल कनिंगहॅम स्वतः वर्षानुवर्षे फ्रेंच कामगारांचे निळे जॅकेट वापरत. स्वस्त, टिकाऊ आणि भरपूर खिशांचे, म्हणून.

युनिफॉर्मकडून आणखी एक गोष्ट घेता येते. त्याचा रंग पँटला जुळतो, माप बसते, कापड मळखाऊ असते आणि सकाळी विचार करावा लागत नाही. लंडनमधील बुटीकचालक सुझी फॉ यांनी १९७०च्या दशकात 'कॅप्सूल वॉर्डरोब' ही कल्पना मांडली, ती हीच. मोजके, एकमेकांत मिसळणारे कपडे ठेवायचे. अमेरिकी डिझायनर डोना करन यांनी १९८५ मध्ये सात कपड्यांचा संच आणून ती लोकप्रिय केली. आठवड्यातून एक दिवस आणि कामानंतरच्या संध्याकाळी एवढेच ज्याला स्वतःचे कपडे घालायला मिळतात, त्याला तर चाळीस शर्टांची गरजच नसते. मनापासून आवडणारे सात-आठ पुरतात.

मोबाइलवरची सगळी घरे सारखीच का दिसतात?

२०१० मध्ये सुरू झालेल्या पिंटरेस्टसारख्या अ‍ॅपचा गाभा 'शिफारस' हा आहे. एखाद्या फोटोवर बोट थांबले, तो साठवला, की त्याच्यासारखेच आणखी फोटो पुढे येतात. ज्या फोटोवर जास्त लोक थांबतात तो जास्त लोकांना दाखवला जातो. त्यामुळे वाकडचा कॅफे, बर्लिनचा फ्लॅट आणि सोलमधली खोली एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागते. अमेरिकी पत्रकार काइल चायका यांनी २०१६ मध्ये या एकसारखेपणाला 'एअरस्पेस' असे नाव दिले.

यातला एक प्रकार या पट्ट्यासाठी गमतीचा आहे. उघड्या विटा, छतावर दिसणारे पाइप, लोखंडी टेबल आणि लोंबते बल्ब या सजावटीला 'इंडस्ट्रियल लुक' म्हणतात. १९६०-७० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या सोहो भागात बंद पडलेल्या कारखान्यांचे रिकामे मजले कलाकारांनी राहायला घेतले. पाइप आणि खांब झाकायला पैसे नव्हते म्हणून ते तसेच राहिले. पुढे त्याचीच फॅशन झाली आणि आता ती पैसे मोजून करून घेतली जाते. दिवसभर प्रेस शॉपमध्ये पाइप आणि लोखंड बघणाऱ्याला घरीही तेच हवे का, हा प्रश्न मात्र अ‍ॅप विचारत नाही. तो ज्याचा त्याने विचारायचा असतो. काहींना तो लुक मनापासून आवडेल, काहींना घरी मऊ कापड आणि झाडे हवी असतील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

प्रेरणा आणि नक्कल यात फरक काय?

अलीकडचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या 'प्राडा' या ब्रँडने मिलानमधील पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे सादर केली, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. कारागिरांनी आणि महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने आक्षेप घेतल्यावर कंपनीने ही रचना भारतीय पारंपरिक चपलेवरून सुचल्याचे मान्य केले. पुढे डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर भारतात मर्यादित संख्येने चपला बनवण्याचा करारही झाला.

नक्कल करणारा वस्तू जशीच्या तशी उचलतो. प्रेरणा घेणारा ती कुठून आली, का चांगली दिसते हे समजून घेतो आणि आपल्या जागेत बसवतो. फोटोतला राखाडी सोफा चारशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये शोभतो. दहा बाय दहाच्या खोलीत तोच आणला, तर कपाटाचे दार उघडायला जागा उरत नाही. पण त्या फोटोत आवडलेला सोफा नसून त्यावरची विटकरी रंगाची उशी असेल, तर काम एका अभ्य्रात भागते.

मग स्वतःची आवड ओळखायची कशी?

पहिली पायरी मोबाइलवरच आहे. साठवलेल्या फोटोंपैकी खरेच आवडणारे दहा निवडावेत आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत. रंग कोणता? पोत कसा, खडबडीत की गुळगुळीत? आकार कसा, चापूनचोपून की ऐसपैस? उजेड कुठून येतो? दहापैकी सहा-सात फोटोंत एकच उत्तर पुन्हा पुन्हा आले, तर आवड तिथे आहे. बाकी सगळे त्या फोटोतले सामान.

दुसरी पायरी कपाटाची. घातलेला प्रत्येक कपडा धुऊन परत ठेवताना उजवीकडे ठेवायचा. दोन महिन्यांनी डावीकडे जे तसेच उरले, ते दुसऱ्या कुणाच्या तरी आवडीचे आहे, असे समजायला हरकत नाही. खोलीत कपाट नसून दोरी आणि खुंटी असेल, तरी हा हिशोब जमतो.

तिसरी पायरी शब्दांची. अमेरिकी स्टायलिस्ट अ‍ॅलिसन बॉर्नस्टीन तीन शब्दांची पद्धत सुचवतात. आपण नेहमी जे घालतो त्याचे वर्णन करणारा एक शब्द, जसे दिसावेसे वाटते त्याचा दुसरा, आणि ते घातल्यावर जसे वाटायला हवे त्याचा तिसरा. मराठीत त्यासाठी नेमके शब्द आहेत. साधे, टापटीप, ठसठशीत, मळखाऊ, भरजरी, सुटसुटीत. समजा, एखाद्याचे शब्द 'सुटसुटीत, टापटीप, निवांत' असे निघाले. मग पिंपरीच्या बाजारात चमकत्या बटणांचा शर्ट हातात आला, की तो यांपैकी कशात बसतो एवढेच पाहायचे. घराच्या खरेदीलाही हेच शब्द लागू पडतात.

गावाकडच्या वस्तूंचे काय?

अनेकांच्या ट्रंकेत सजावटीचे सर्वांत चांगले सामान पडून असते. आजीने जुन्या लुगड्यांचे थर देऊन धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, म्हणजेच वाकळ, हे त्यातले पहिले. तिचे रंग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, कारण त्यात घरातल्या माणसांचे कपडे असतात. ती पलंगावर पसरली किंवा दांडीवरून भिंतीलगत सोडली, की खोलीला लगेच चेहरा येतो. इतर चार वस्तूंचे रंगही तिच्यातून घेता येतात.

तीच गोष्ट इरकली साडीची, खणाच्या तुकड्याची, सोलापुरी चादरीची आणि तांब्याच्या घागरीची. फाटलेल्या साडीचे काठ उशीच्या अभ्य्राला लागतात, खणाची पट्टी साध्या कुर्त्याच्या बाहीला. जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेणाऱ्या घरांना कपड्याचे दुसरे आयुष्य ठाऊकच असते. परदेशात 'अपसायकलिंग' म्हणून जे शिकवले जाते, ते इथे आधीपासून आहे.

भाड्याच्या घरात कितपत बदल करता येतो?

महाराष्ट्रात घरभाड्याचे करार बहुधा ११ महिन्यांचे 'लिव्ह अँड लायसन्स' असतात आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ते लेखी आणि नोंदणीकृत असावे लागतात. खिळे, रंग, फिटिंग यांविषयीची अट करारात असते. ती आधी वाचावी, कारण भिंतीची दुरुस्ती अनामत रकमेतून कापली जाऊ शकते.

भिंतीला हात न लावता सर्वांत मोठा फरक पाडतो तो उजेड. फोटोतल्या खोल्या उबदार दिसतात याचे मुख्य कारण फर्निचर नसून बल्ब असतो. एलईडी बल्बच्या खोक्यावर 'केल्विन' हा आकडा छापलेला असतो. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ट्यूबलाइटसारखा उजेड. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, शांत उजेड. स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढरा आणि बसायच्या कोपऱ्यात एक पिवळसर दिवा, एवढ्याने खोली बदलते.

पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठी तर सजावटीची पहिली वस्तू जाड, गडद पडदा ही आहे. रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा अंधार हवा. झोपेआधी निळसर उजेड डोळ्यांवर पडला, तर झोप आणणारे मेलाटोनिन कमी तयार होते. एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळीचे दोन-तीन जण राहत असतील, तर दोरीवर सरकणारा पडदा प्रत्येकाला स्वतःचा कोपरा देतो. घराने राहणाऱ्याचे वेळापत्रक ओळखणे, हीसुद्धा स्टाईलच.

पॅलेटचे फर्निचर स्वस्त, पण सुरक्षित आहे का?

वाहन उद्योगाचे सुटे भाग लाकडी पॅलेट आणि खोक्यांतून येतात-जातात. वापर संपला, की हे लाकूड भंगारात जाते आणि त्यातून दिवाण, टेबल, बुक-शेल्फ बनतात. चिखलीजवळचे कुदळवाडी हे या पट्ट्यातले भंगाराचे मोठे केंद्र होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली आणि अनेक व्यावसायिक विखुरले. तरीही पॅलेटचे लाकूड या परिसरात मिळतेच.

घेण्याआधी लाकडावरचा शिक्का पाहावा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या लाकडी वेष्टनांना 'आयएसपीएम १५' हा नियम लागू आहे. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि प्रक्रियेची इंग्रजी आद्याक्षरे असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानाला सलग ३० मिनिटे तापवलेले. घरासाठी हेच निवडावे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते घरात आणू नये.

शिक्का केवळ कीड मारल्याचे सांगतो. नंतर त्या पॅलेटवर काय सांडले, हे सांगत नाही. म्हणून तेलाचे डाग, रसायनाचा वास किंवा अनोळखी रंग दिसला, तर ते लाकूड सोडून द्यावे. खिळे उपसावेत, घासताना तोंडाला मास्क बांधावा, आणि बाळाचा पाळणा किंवा अन्नाला थेट लागणारे फळकूट यासाठी पॅलेट वापरू नये.

पैसे नेमके कुठे फसतात?

'नो कॉस्ट ईएमआय' हा पहिला सापळा. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बहुधा किमतीत मिसळलेले असते किंवा रोखीने घेतल्यास मिळणारी सवलत इथे मिळत नाही. प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी वेगळा असू शकतो. हप्ता किती, याआधी एकूण किती भरणार हे विचारावे.

दुसरा सापळा स्वस्ताईचा. ५०० रुपयांचा शर्ट चार वेळा घालून पडून राहिला, तर एका वेळेचा खर्च १२५ रुपये. १२०० रुपयांचा शर्ट चाळीस वेळा घातला, तर ३० रुपये. खरेदीआधी 'हा मी तीस वेळा घालेन का?' एवढा प्रश्न विचारला, तरी बराच खर्च वाचतो.

घरातल्या वस्तूंसाठी या पट्ट्याला शोभेल अशी कसोटी रस्त्यावरच उभी आहे. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात, आणि करार संपला की संसार त्यातच भरला जातो. जी वस्तू छोट्या हत्तीत बसेल, दोघांना उचलता येईल आणि पुढच्या खोलीतही कामाला येईल, तिच्यावर पैसे घालावेत. जी भिंतीतच राहणार, तिच्यावर घालू नयेत.

सुरुवात कुठून करावी?

येत्या गुरुवारी बाजारात जाण्याआधी अर्धा तास पुरेल. ट्रंक उघडावी, कपडे डावे-उजवे करावेत, दहा फोटो निवडावेत, तीन शब्द कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावेत. मग यादी करावी. बहुतेकांच्या यादीत शेवटी एक बल्ब, एक पडदा आणि एखादाच शर्ट उरतो. गोधडी बहुधा घरातच असते, फक्त ट्रंकेतून बाहेर काढायची राहिलेली असते.